पुराणाच्या ओसरीवरून तमाशाच्या फडात : सोलापूरचे शाहीर राम जोशी

उन्हाळ्याची सुटी लागली की सोलापुरात बालनाट्य शिबिरांचे दिवस सुरू होतात. एखाद्या शाळेच्या सभागृहात पात्रनिवड असते. तेरा-चौदा वर्षांची मुले-मुली संवादाचा कागद हातात धरून ओठातल्या ओठात पुटपुटत असतात, एकेकाचे नाव पुकारले जाते आणि समोर बसलेले दिग्दर्शक दोन-चार वाक्ये ऐकून मान हलवतात. दाराबाहेर पालक उभे असतात. मुलापेक्षा त्यांचाच जीव अधिक टांगणीला लागलेला असतो.

दाराबाहेर थांबलेले हे पालक या दृश्यात फार अलीकडे आले. याच शहरात सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी एका मुलाने आपली कला लोकांसमोर अजमावून पाहिली, तेव्हा त्याच्या घरचे कोणी त्याच्या पाठीशी नव्हते. त्याची निवड झाली आणि त्याच निवडीपायी पुढे त्याला घर सोडावे लागले. मराठी शाहिरी काव्यात ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, ते शाहीर राम जोशी म्हणजे हा मुलगा.

राम जोशी यांचा जन्म १७६२ च्या सुमाराचा. गाव सोलापूर. आजचे गिरण्यांचे, चादरींचे सोलापूर तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचे देऊळ व तलाव आणि त्यांच्या आजूबाजूला वसलेल्या पेठा एवढाच गावाचा पसारा. मराठी मुलखाची सीमा इथे कानडी मुलखाला भिडते. बाजारात मराठी आणि कानडी बरोबरीने चालत, शिपाई आणि मुसलमान कारागीर यांच्या तोंडी दखनी हिंदुस्थानी असे, तर देवळात व पाठशाळेत संस्कृत. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरे तेव्हा या साऱ्या भाषा एकाच मैदानात ऐकू येत. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

जोशी घराणे विद्वान ब्राह्मणाचे. ज्योतिष आणि पुराणकथन हा पिढीजात व्यवसाय. वडीलबंधू मुद्गल जोशी हे नाव असलेले पुराणिक होते. पुराणिक म्हणजे केवळ पोथी वाचणारा नव्हे. संस्कृत श्लोक आधी म्हणायचा, मग त्याचा अर्थ लोकांच्या भाषेत उलगडायचा, मध्येच एखादे आख्यान रंगवायचे, ऐकणाऱ्या बायाबापड्यांचे डोळे पाणावले की स्वर खाली आणायचा आणि पेंगणाऱ्यांना एखाद्या कोटीने जागे करायचे, असे ते काम. आवाज, पाठांतर, हजरजबाबीपणा आणि समोरच्या माणसांची नाडी ओळखण्याची कला ही त्या व्यवसायाची हत्यारे. ज्या घरात रामचे बालपण गेले त्या घरी रंगभूमीचे शिक्षण असे नकळत सुरू होते. फक्त त्याला कोणी ते नाव दिले नसते.

या मुलाचे लक्ष मात्र पोथीवर ठरेना. सोलापुरात धोंडी शाहीर नावाचे एक तमासगीर होते. त्यांचा फड होता, आणि राम तिकडे ओढला गेला.

त्या काळचा तमाशा आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर येणाऱ्या तमाशाहून बराच निराळा. कनात नाही, पडदा नाही, तिकीट नाही. देवळापुढची मोकळी जागा, वाड्याचा चौक किंवा यात्रेतला माळ, आणि मशालींचा उजेड. मुख्य शाहीर डफ वाजवी, जोडीला तुणतुणे आणि कडे. मागे झीलकरी ध्रुपद उचलून धरत. स्त्रीवेषात नाचणारा नाच्या पोऱ्या बहुधा कोवळ्या वयाचाच असे, कारण आवाज फुटला आणि मिसरूड आली की त्याचे ते काम संपे. हसवायला सोंगाड्या. गावातल्याच निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र येऊन फड उभा करत, दिवसा आपापला धंदा करत आणि रात्री डफाभोवती जमत. आज आपण हौशी नाट्यसंस्था म्हणतो तिच्याशी या फडाचे नाते दूरचे नाही.

या फडात शिरण्याची रीतही ठरलेली होती. कागदावरचे संवाद वाचून दाखवण्याचा प्रश्न नव्हता, कारण फडातल्या अनेकांचा अक्षरांशी संबंधच नसे. पोराला नुसते बसू देत. ध्रुपदाच्या वेळी त्याचा आवाज झीलकऱ्यांच्या स्वरात मिसळतो की फाटतो, डफाच्या ठेक्यावर त्याचे बोट आपोआप हलते की नाही, ऐकलेली लावणी दुसऱ्या दिवशी त्याला किती आठवते, यावर जुन्या माणसांची नजर असे. खरी कसोटी त्यापुढची. तेव्हा कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष होते. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानत, तुरेवाले शिवाला. रात्र रात्र त्यांचे सवाल-जवाब चालत. एका पक्षाने पुराणातले कोडे घालावे, दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच यमकात, जागच्या जागी ते सोडवावे. उत्तर सुचले नाही तर भर सभेत मान खाली घालावी लागे. अशा सामन्यात फडाला दोन प्रकारची माणसे हवी असत : एक गळ्याची आणि दुसरी डोक्याची. होनाजी बाळा हे नाव आपण एकाच माणसाचे समजतो, पण कवने करणारे होनाजी आणि ती गाणारे बाळा करंजकर अशा दोघांचे ते जोडनाव आहे. गळा आणि डोके एकाच देहात नेहमी सापडत नाही, हे फडवाल्यांना पक्के ठाऊक होते.

धोंडी शाहिरांच्या फडात येऊन बसणाऱ्या या ब्राह्मणाच्या पोरापाशी नेमकी दुसरी गोष्ट होती. पुराणातली जी कोडी सोडवायला इतरांना कोणा शास्त्र्याच्या पायरीशी जावे लागे, ती त्याने घरच्या ओसरीवर झोपता झोपता ऐकलेली. वरून शब्दांचे वेड. परंपरेने चालत आलेली हकीकत अशी की, राम आधी ऐकायला बसू लागला, मग धोंडी शाहिरांना कवने रचून देऊ लागला आणि ती फडात गायली जाऊ लागली. मुलगा उपयोगी आहे की नाही याचा निकाल कोणा परीक्षकाने दिला नाही. कवन लोकांपुढे गेले, लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावले, आणि निकाल लागला. त्या रात्री पुराणिकाच्या धाकट्या भावाने लिहिलेले शब्द सोलापूरच्या रस्त्यावर आले. ते परत घेता येणारे नव्हते.

इथे मुद्गल जोशी यांच्याविषयीही दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. कथा-चित्रपटांत ते कर्मठ, तापट वडीलबंधू म्हणून येतात. पण त्यांची अडचण खरी होती. पुराणिकाचे पोट त्याच्या प्रतिष्ठेवर चाले. ज्या यजमानांच्या वाड्यात दुपारी भागवत सांगायचे, त्यांच्याच नोकरचाकरांनी रात्री भावाची शृंगारिक लावणी गुणगुणत जावे, हे चालण्यासारखे नव्हते. तमाशात बसणे-उठणे सर्व जातींच्या माणसांत, खाणेपिणेही त्यांच्यातच. ब्राह्मणवर्गाने घरावर बहिष्कार टाकला असता तर साऱ्या कुटुंबाचे अन्न तुटले असते. मुद्गल जोशी यांनी भावाला समजावले, दटावले आणि अखेर घराबाहेर काढले. ज्या वयात आजची मुले निवड झाल्याचे घरी सांगायला धावत येतात, त्याच वयाच्या आसपास सुरू झालेल्या नादाचा शेवट असा झाला.

घर सुटले तरी राम जोशी तडक फडात जाऊन राहिले नाहीत. त्यांच्या चरित्रातला सर्वांत अनपेक्षित भाग मला हाच वाटतो. ते पंढरपूरला गेले आणि तेथे बाबा पाध्ये यांच्याकडे संस्कृत शिकायला बसले. घरी असताना जी विद्या भावाच्या धाकाने गळी उतरली नव्हती, ती घरातून हाकलल्यावर त्यांनी आपण होऊन मिळवली. काव्य, व्याकरण, अलंकार यांचा त्यांनी चांगला अभ्यास केला. तो किती पक्का होता याची खूण म्हणजे पुढे त्यांच्या हातून झालेले मदालसाचंपू हे संस्कृत काव्य. गद्य आणि पद्य यांची गुंफण असणारा चंपू हा प्रकार रचायला सोपा नाही. लावणीकाराच्या नावावर असा ग्रंथ असावा, ही मराठी वाङ्मयातली दुर्मीळ गोष्ट आहे.

पंढरपुराहून ते सोलापूरला परतले ते व्युत्पन्न पंडित होऊन. पुराण सांगू लागले, कीर्तन करू लागले. घराण्याला हवा होता तसा मुलगा आता तयार झाला होता. भावाला जे सिद्ध करून दाखवायचे ते दाखवून झाले होते. मुकाट्याने त्याच वाटेने चालत राहिले असते तर मानही मिळाला असता आणि दक्षिणाही. पण डफाचा नाद सुटला नव्हता. ते पुन्हा तमाशाकडे वळले, आणि या वेळी दुसऱ्याच्या फडात जागा मागायला नव्हे. त्यांनी स्वतःचा फड उभा केला. बया आणि चिमा या दोघींची नावे त्या फडाशी जोडली गेली आहेत. त्या कुठून आल्या, त्यांचे गाणे पहिल्यांदा कोणी ऐकले, त्यांना कोणी घराबाहेर काढले होते का, यातले काही कोणी लिहून ठेवले नाही. शाहिराच्या चरित्रात दोन नावे आणि पुढे कथाकारांची कल्पना, एवढेच त्यांच्या वाट्याला आले.

पंढरपूरचा अभ्यास वाया गेला नाही, हे त्यांच्या लावण्या पाहिल्या की कळते. तोवर लावणीची भाषा साधी, बोलीतली, थेट असे. राम जोशी यांनी तिला संस्कृत काव्याचे अलंकार चढवले. अनुप्रास आणि यमक यांची त्यांच्याकडे लयलूट. बोलताना काही सुचवून जायचे आणि लगेच तो मी नव्हेच असे म्हणत दुसरा अर्थ पुढे करायचा, या छेकापन्हुती नावाच्या अलंकारावर त्यांनी अख्खी लावणी रचली. शास्त्री मंडळींना त्यात विद्या दिसे आणि माळावर बसलेल्या शेतकऱ्याला गंमत. डफाच्या ठेक्यावर हे शब्द इतके चपखल बसत की अवघडपणा जाणवायच्या आत पुढचे ध्रुपद येई. समीक्षकांनी त्यांच्यावर शब्दचमत्कृतीच्या आहारी गेल्याचा आक्षेप घेतला आहे आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. काही ठिकाणी नादापुढे भाव मागे पडतो. मात्र ही कवने डोळ्यांनी वाचण्यासाठी नव्हतीच, ही गोष्ट आक्षेप घेताना बहुधा विसरली जाते.

सोलापूरच्या बाजाराची आठवण ठेवायला सांगितले होते, ती इथे कामी येते. मराठी, संस्कृत, कानडी आणि हिंदुस्थानी अशा चार भाषा एकत्र गुंफलेली त्यांची रचना प्रसिद्ध आहे. पुण्यातल्या एखाद्या पंडिताने असे काही केले असते तर तो विद्वत्तेचा खेळ म्हणता आला असता. सोलापूरच्या माणसाला त्यासाठी ग्रंथ उघडावे लागत नव्हते. सिद्धेश्वराच्या यात्रेत एक फेरी मारली तरी चारही भाषा कानावर पडत. शृंगाराबरोबरच वैराग्याच्या लावण्याही त्यांनी लिहिल्या. मनुष्यदेह पुन्हा मिळायचा नाही, तो वाया घालवू नये, असे बजावणारी त्यांची उपदेशपर कवने एके काळी महाराष्ट्रात घरोघरी पाठ होती. म्हणजे पुराणिकाच्या घरचा पोर फडात गेला तरी ओसरीवरचे पुराण त्याच्या मागोमाग आलेच.

उत्तर पेशवाई हा शाहिरांचा बहराचा काळ. संगमनेरचे अनंत फंदी, होनाजी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर ही सारी थोड्याफार अंतराने एकाच काळातली मंडळी. होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान, अनंत फंदी आणि राम जोशी ब्राह्मण. त्या काळच्या समाजात ही माणसे एका पंगतीला बसली नसती. डफाच्या समोर मात्र त्यांची गणना एकाच रांगेत झाली. फडाच्या निवडीत दोष नव्हते असे नाही, पैशासाठी आणि शौकिनांच्या मर्जीसाठी तिथे पुष्कळ काही हीनही चाले. तरी कवन जमते का, हा तिथला पहिला प्रश्न होता.

राम जोशी यांच्या आयुष्याला पुढचे वळण लागले ते बारामतीकर मोरोपंतांमुळे. मोरोपंत त्यांच्याहून वयाने बरेच मोठे, आर्या वृत्ताचे स्वामी आणि स्वतः पुराणिक. तमाशाला हात लावणे ज्यांना स्वप्नातही शक्य नव्हते अशा या पंडित कवीने फडातल्या शाहिराचे सामर्थ्य ओळखले. दोघांची भेट कशी झाली याच्या अनेक आख्यायिका आहेत. कोणी सांगतात की मोरोपंतांनी लपून त्यांचे गाणे ऐकले, कोणी म्हणतात की मोरोपंतांच्या कवितेने भारावून राम जोशी यांनी भर सभेत आपला डफ फोडला. आख्यायिकांतला तपशील बाजूला ठेवला तरी परिणाम स्पष्ट आहे. राम जोशी कीर्तनाकडे वळले आणि मोरोपंतांच्या आर्या आपल्या कीर्तनातून गाऊ लागले. मोरोपंतांची कविता श्लेष आणि यमक यांनी जड झालेली, पोथीत अडकून पडण्याचा धोका असलेली. तिला लोकांच्या कानापर्यंत नेण्यात राम जोशी यांचा मोठा वाटा आहे. तमाशातल्या रात्रींनी तयार झालेला गळा आणि लोकांची नाडी ओळखण्याची सवय इथे कामी आली. सन १७९४ मध्ये मोरोपंतांचे निधन झाले, तेव्हा राम जोशी तिशीच्या आसपास होते.

असेच काहीसे अनंत फंदी यांच्याबाबतही सांगतात. अहिल्याबाई होळकरांच्या शब्दावरून त्यांनी तमाशा सोडून कीर्तन धरले, अशी परंपरा आहे. दोन ब्राह्मण शाहिरांच्या कथांचा शेवट इतका सारखा असावा, यात काही अंशी नंतरच्या सांगणाऱ्यांची सोय आहे असे वाटते. शाहिराला शेवटी कीर्तनकार केले की त्याच्या लावण्यांचे कौतुक करायला संकोच राहत नाही. मात्र राम जोशी यांचे नाव आज टिकले आहे ते फडातल्या कवनांमुळे.

पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत शाहिरांना आश्रय होता. राम जोशी यांचाही तेथे लौकिक झाला. पैसा आला आणि गेलाही. हातात आलेले टिकवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, असे त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक सांगतात. उदारपणा, शौक आणि कर्ज या तिन्हींच्या गोष्टी त्यांच्या नावावर आहेत.

त्यांच्या लावण्या बराच काळ गाणाऱ्यांच्या चोपड्यांत आणि तोंडी राहिल्या. पुढे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या संग्राहकांनी शाहिरांची कवने मिळवून छापली म्हणून त्यातला मोठा भाग वाचला. सर्वसामान्य माणसापर्यंत राम जोशी पुन्हा पोहोचले ते १९४७ मध्ये. राजकमल कलामंदिराचा लोकशाहीर राम जोशी हा चित्रपट त्या वर्षी आला. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकरांची लेखणी, वसंत देसाई यांचे संगीत, राम जोशींच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बयेच्या भूमिकेत हंसा वाडकर. चित्रपट तुफान चालला आणि मराठीत तमाशापटांची लाटच आली. त्यातली बया आणि त्यातले प्रेम इतके लोकप्रिय झाले की अनेकांना तेच शाहिराचे खरे चरित्र वाटते. घरच्या ओसरीवर आणि धोंडी शाहिरांच्या फडात एकाच वेळी वाढणारा सोलापूरचा मुलगा त्या झगमगाटात थोडा मागे पडला.

शिलेदार हे स्वतः संगीत रंगभूमीवरचे गायक नट. त्यांच्या घरात पुढे पत्नी जयमाला आणि मुली कीर्ती व लता अशा सगळ्याच रंगभूमीवर उभ्या राहिल्या आणि घराण्याचे नाव नाटकानेच मोठे झाले. पडद्यावर ज्या शाहिराला त्यांनी साकारले, त्याच्या नशिबी याच्या नेमके उलटे आले होते.

राम जोशी यांचा मृत्यू १८१२-१३ च्या सुमारास पुण्यात झाला. वयाची पन्नाशी नुकतीच गाठली होती. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच पेशवाई बुडाली, सोलापूरच्या किल्ल्यावर १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांचे निशाण लागले आणि शाहिरांना पोसणारे वाडे एकेक करून ओस पडले. कवनाच्या अखेरच्या ओळीत शाहीर आपले नाव गुंफत असे. राम जोशी यांनी तिथे घराण्याचे उपनाव घातले नाही. त्यांच्या लावण्यांच्या शेवटी येते ते कविराय हे नाव.